रॉ ब्लॅक मेटल ऐकायला कुठून सुरुवात करावी

आयर्न मेडन, मेटॅलिका, स्लेअर सगळं पचवलेल्या माणसालाही रॉ ब्लॅक मेटलचा (म्हणजे हेवी मेटलच्या ब्लॅक मेटल शाखेतल्या, मुद्दाम कच्च्या ठेवलेल्या आवाजाच्या प्रकाराचा) पहिला अल्बम लावला की शंका येते, की फाइलच बिघडलेली आहे. गिटारला अंग नाही, बास कुठे आहे ते कळत नाही, ड्रम मागच्या खोलीतून आल्यासारखे, सगळ्यावर सतत खरखर, आणि गाणारा घसा फाडून ओरडतोय. पाच मिनिटांत बंद करणारे पुष्कळ. ज्यांना बंद करूनही पुन्हा एकदा लावून बघावंसं वाटतंय, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

सगळ्या पायऱ्यांना धरून असलेली एक गोष्ट आधीच सांगतो. या संगीतात ध्वनिमुद्रण कसं केलं हा रचनेचाच भाग असतो. म्हणून ‘हेच चांगल्या स्टुडिओत केलं असतं तर?’ असं विचारत बसलात तर पुढे जाता येणार नाही. ‘या आवाजामुळे मला काय ऐकू येतंय आणि काय मुद्दाम दडवलंय?’ हा प्रश्न घेऊन बसायचं.

१. आधी फोन सरळ करा

हे काम पाच मिनिटांचं आहे, पण बहुतेक जण करत नाहीत आणि मग संगीताला दोष देतात. आजचे ब्लूटूथ इअरफोन हिप-हॉप आणि हिंदी गाण्यांसाठी खालचे स्वर फुगवून विकले जातात. रॉ ब्लॅक मेटलमध्ये खाली फुगवण्यासारखं काही नसतंच. मग इअरफोन जे नाही ते शोधत बसतो आणि मधल्या पट्टीतली गिटार गढूळ होते. बास बूस्ट बंद करा. फोनमधला इक्वलायझर सपाट ठेवा. डॉल्बी, ‘सराउंड’, ‘थ्री-डी’ अशा नावांची बटणंही बंद करा.

फाइलचा दर्जा पॉप गाण्यापेक्षा इथे जास्त महत्त्वाचा ठरतो, हे ऐकून लोकांना हसू येतं. पण कारण साधं आहे. एमपीथ्रीसारखी पद्धत कानाला फारसं न जाणवणारं काढून टाकून जागा वाचवते. खरखर आणि झांजांचा सळसळाट यांत ठरावीक आकृतिबंध नसतो, त्यामुळे तिथे ती पद्धत अडखळते आणि कमी बिटरेटला पाण्याखालून आल्यासारखी एक घुसळण ऐकू येते. ती बँडने केलेली नसते. शक्य असेल तर फ्लॅक (काहीही काढून न टाकणारी) फाइल घ्या, नाहीतर निदान ३२० केबीपीएस.

आवाज कमी ठेवा. वरच्या पट्टीतल्या आवाजांनी कान लवकर थकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबल आठवड्याला ४० तास ही सुरक्षित मर्यादा आहे, आणि इअरफोनवर आपण ती सहज ओलांडतो. माझ्या मते या संगीताला इअरफोनपेक्षा साधे छोटे स्पीकर जास्त मानवतात. खोलीतली हवा मध्ये आली की गिटारचे काठ थोडे बोथट होतात आणि चाल पुढे येते.

२. ही खरखर येते कुठून

१९७९ साली टास्कॅमने पोर्टास्टुडिओ १४४ हे यंत्र बाजारात आणलं. साध्या कॅसेटवर चार वेगवेगळे ट्रॅक मुद्रित करणारं, टेबलावर मावणारं यंत्र. तोवर एकावर एक वाद्य चढवायचं तर स्टुडिओ भाड्याने घ्यावा लागायचा. आता घरात, तळघरात, तालमीच्या खोलीत ते करता येऊ लागलं. रॉ ब्लॅक मेटलचा आवाज मुख्यतः या ‘फोर-ट्रॅक’चा आवाज आहे.

चार ट्रॅकमध्ये बँड बसवायचा म्हणजे हिशेब आला. ड्रमला एक, फार तर दोन. गिटारला एक. उरलेल्यात बास आणि गळा. आणखी एक गिटार हवी असेल तर आधी मुद्रित केलेले दोन-तीन ट्रॅक एकत्र करून रिकाम्या ट्रॅकवर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या जागी नवं वाजवायचं. अशा प्रत्येक उतरवण्यात टेपची खरखर वाढते, झांजांची धार बोथट होते आणि वाद्यं एकमेकांना चिकटतात. एकदा चिकटली की सोडवता येत नाहीत. त्यात मुद्रणाची पातळी मुद्दाम वर ठेवली की टेप स्वतःच आवाज चेपते आणि फोडते. गिटारच्या फुटक्या आवाजावर टेपचा फुटका आवाज असे दोन थर मग तयार होतात.

पुढचा थर कॅसेटच्या प्रतींचा. ऐंशी-नव्वदच्या दशकांत हे संगीत टपालाने फिरायचं. एकाने दुसऱ्याला प्रत करून द्यायची, त्याने तिसऱ्याला. तिसऱ्या-चौथ्या प्रतीला मूळ डेमो, म्हणजे बँडचं अल्बमआधीचं कच्चं मुद्रण, अजून धूसर व्हायचा. त्या पिढीच्या कानांना त्या धूसरपणाची सवय झाली आणि पुढे त्यातल्याच काहींनी स्वतःचे अल्बम करताना तोच आवाज हवा म्हणून मागितला.

ज्यांच्या घरी जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरचे अब्दुल करीम खाँ ऐकले जातात, त्यांना खरखरीच्या पलीकडचा सूर पकडायची सवय असतेच. पहिल्या मिनिटाला तबकडीचा आवाज ऐकू येतो, तिसऱ्या मिनिटाला फक्त गाणं. फरक इतकाच की तिथे नाइलाज होता आणि इथे निवड आहे.

निवड आहे हे कशावरून? पुढच्या पायरीतल्या बँडवरूनच.

३. एकच अल्बम घ्या आणि त्याच्या मागे लागा

दहा अल्बमांची यादी डाउनलोड करून एकेक गाणं चाखत जाऊ नका. सगळं सारखंच वाटेल आणि कंटाळा येईल. डार्कथ्रोनचा ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’ घ्या. १९९४चा, एकोणचाळीस मिनिटांच्या आसपासचा, आठ गाण्यांचा अल्बम.

डार्कथ्रोन ऑस्लोच्या दक्षिणेला असलेल्या कोल्बोट्न या उपनगरातला. त्यांचा पहिला अल्बम ‘सोलसाइड जर्नी’ १९९१चा. तो डेथ मेटल, म्हणजे जड गिटारीचा आणि खोल गुरगुरणाऱ्या गळ्याचा प्रकार होता आणि स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत, म्हणजे त्या काळी त्या प्रकारासाठी जी सर्वांत नावाजलेली जागा होती तिथे झालेला. म्हणजे चांगला स्टुडिओ, करार केलेली इंग्लिश रेकॉर्ड कंपनी पीसव्हिल, सगळं हाताशी होतं. तिथून ही मंडळी मुद्दाम खाली उतरली. १९९२च्या ‘अ ब्लेझ इन द नॉर्दर्न स्काय’चा आवाज ऐकून पीसव्हिलवाले बिचकले. त्यांना मिक्स सुधारून हवं होतं. बँड हटला नाही. तुम्हाला नको असेल तर दुसऱ्याकडून काढतो म्हणाला, आणि अल्बम होता तसा बाहेर आला. पुढच्या वर्षी ‘अंडर अ फ्यूनरल मून’, आणि त्याच्या पुढच्या वर्षी ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’. या शेवटच्यात फेनरिझने गिटार, बास, ड्रम सगळं एकट्याने फोर-ट्रॅकवर वाजवलं आणि नॉक्टर्नो कुल्टोने नंतर गळा चढवला. मुखपृष्ठही तसंच : झेरॉक्सची झेरॉक्स काढावी तसा काळा-पांढरा चेहरा, मधला करडा रंग जवळजवळ गायब.

पहिलंच, अल्बमच्या नावाचं गाणं सहा मिनिटांचं आहे. ते असं ऐका.

पहिल्या वेळी फक्त ड्रम धरा. एकच ठेका सुरू होतो आणि जवळपास शेवटपर्यंत तसाच राहतो. तोडे नाहीत, भराव नाहीत, कसरत नाही. रॉक ऐकणाऱ्याला ड्रमर आता काहीतरी करेल अशी सवय असते. तो काही करत नाही. दोन मिनिटांनी ती अपेक्षा सुटते आणि ठेका जमिनीसारखा खाली पसरतो. हे सुटणं महत्त्वाचं आहे, ते व्हायच्या आत गाणं बदलू नका.

दुसऱ्या वेळी गिटार. उजवा हात तारेवर भराभर वरखाली चालतोय, याला ट्रेमोलो पिकिंग म्हणतात. इथे नवख्या कानाची फसगत होते, कारण हाताचा वेग म्हणजेच संगीताचा वेग असं त्याला वाटतं. पायाने ताल धरायचा तर ड्रमच्या प्रत्येक ठोक्यावर धरू नका. डाव्या हाताचा स्वर कधी बदलतो तेवढंच मोजा. तो फार सावकाश बदलतो. वरून प्रचंड वेगवान वाटणारं हे गाणं आतून संथ आहे, आणि त्या संथ चालीला खिन्न, लोकगीतासारखा एक घाट आहे. तो एकदा कानात बसला की गाणं गुणगुणता येतं. खरंच गुणगुणून बघा. गुणगुणता आलं की तुम्ही आत शिरलात असं समजा.

तिसऱ्या वेळी गळा. तो गिटारच्या पुढे नाही, आत आहे. शब्द समजायची अपेक्षा ठेवू नका. बहुतेक गाणी नॉर्वेजियन भाषेत आहेत. ओळ कुठे सुरू होते आणि स्वर बदलण्याशी तिचा मेळ कसा आहे तेवढं ऐका.

मग विचारा : हेच जाड, भरदार गिटारीने आणि छातीत बसणाऱ्या बेस ड्रमने केलं असतं तर काय झालं असतं? ठोक्यांनी सगळं व्यापलं असतं आणि ती संथ चाल खाली दबली असती. ड्रम पातळ आणि मागे आहेत म्हणून चाल पुढे येते. बास जवळजवळ नाही म्हणून गिटार तरंगते. हा अल्बम असा वाजतो तो यासाठी.

माझा स्वतःचा कल ‘अंडर अ फ्यूनरल मून’कडे जास्त आहे. तो अधिक गारठलेला आणि अधिक वाकडा आहे. पण शिकायला ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’च बरा, कारण त्यात लपायला जागा नाही. आठवडाभर दुसरं काही लावू नका.

४. थोडं मागे जाऊन या

ही पायरी दोन संध्याकाळींत उरकते. ‘ब्लॅक मेटल’ हे नाव आलं ते इंग्लंडच्या न्यूकॅसलमधल्या व्हेनमच्या १९८२च्या अल्बमवरून. संगीत म्हणून तो मोटरहेड या इंग्लिश रॉक बँडच्या घरातलाच आहे. ऐकायला मजा येते, पण इथे त्याचा उपयोग मर्यादित.

स्वित्झर्लंडच्या हेलहॅमरचे १९८३चे डेमो आणि १९८४चा ‘अपोकॅलिप्टिक रेड्स’ ऐका. त्या वेळी समीक्षकांनी त्यांची टर उडवली होती. त्यातल्याच दोघांनी पुढे सेल्टिक फ्रॉस्ट हा नावाजलेला बँड काढला, आणि मग टर उडवणं जरा अवघड झालं.

मुख्य थांबा मात्र स्वीडनचा बाथरी. क्वॉर्थन या मुलाने १९८४चा पहिला अल्बम स्टॉकहोममधल्या गॅरेजचा स्टुडिओ केलेल्या जागेत मुद्रित केला. गिटारची धूसर भिंत, घुमणाऱ्या पोकळीत ओरडणारा गळा, वेगाखाली दबलेली चाल. नॉर्वेवाल्यांनी पुढे जे केलं त्याचं बहुतेक सगळं बी इथे आहे. १९८७चा ‘अंडर द साइन ऑफ द ब्लॅक मार्क’ तर आजही ताजा वाटतो. त्याच वर्षी ब्राझीलच्या बेलो होरिझोंतेमध्ये सार्कोफागोने ‘आय.एन.आर.आय.’ काढला. तेव्हा हे सगळं फक्त बर्फातून आलंय असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका.

५. हाच हात साफ आवाजातही ऐका

‘यांना नीट करताच येत नव्हतं’ ही शंका अजून मनात असेल तर ती घालवायला उल्व्हर पुरेसा आहे. ऑस्लोच्या या बँडने तीन वर्षांत तीन अल्बम काढले. १९९५च्या ‘बेर्गटाट’मध्ये ब्लॅक मेटल आणि लोकसंगीत शेजारी शेजारी. १९९६चा ‘क्वेल्डसांगर’ पूर्णपणे अकूस्टिक : साधी गिटार, चेलो, एकावर एक चढवलेले माणसांचे आवाज. रात्री जेवताना घरच्यांसमोर लावता येईल इतका सभ्य. आणि १९९७चा ‘नाटेन्स माद्रिगाल’ म्हणजे कान सोलून काढणारी गिटार.

हा तिसरा अल्बम जंगलात जाऊन मुद्रित केला अशी एक दंतकथा वर्षानुवर्षं फिरते आहे. बँडने ती फेटाळली आहे, पण ती मरत नाही. मुळात तो आवाज मुद्दाम घडवलेला आहे : मधले आणि खालचे स्वर कापून वरचे टोकाला नेलेले. ‘क्वेल्डसांगर’ आणि ‘नाटेन्स माद्रिगाल’ एका बैठकीत लागोपाठ ऐका. आधीच्यातल्या चाली कानात असताना दुसरा लावला की त्या कर्कश थराखाली दोन गिटारी एकमेकींभोवती किती नाजूकपणे फिरतात ते दिसू लागतं.

याच्या उलट बाजूला मेहेमचा १९९४चा ‘दे मिस्तेरीस दोम सॅथानास’ ठेवा. तो बर्गेनच्या ग्रीगहालेन या मोठ्या संगीतसभागृहात, पिटेन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ध्वनिमुद्रकाने केला. ड्रमना सभागृहाचा घुमारा आहे, प्रत्येक वाद्य वेगळं ऐकू येतं. ब्लॅक मेटल आहे, पण रॉ नाही. हे दोन शब्द लोक सरसकट एकत्र वापरतात, तसं करू नये.

बुर्झुमच्या ‘फिलॉसोफेम’चाही उल्लेख इथेच व्हायला हवा, कारण आवाज मुद्दाम बिघडवण्याचं ते ठळक उदाहरण आहे. मुद्रण १९९३चं, प्रकाशन १९९६चं. बुर्झुम म्हणजे वर्ग विकेर्नेस हा एकटा माणूस; त्याच्या स्वतःच्या सांगण्यानुसार गिटार ॲम्प्लिफायरऐवजी भावाच्या घरगुती स्टिरिओतून गिटार घेतली आणि गळ्यासाठी सर्वांत वाईट माइक मागितला तेव्हा हेडसेटचा माइक मिळाला. परिणाम असा की गिटार लोकरीसारखी होते आणि संथ सिंथेसायझर तिच्यावर तरंगतो. अल्बम बघायचा तर या माणसाबद्दलही बोलावं लागतं. ते आठव्या पायरीत.

६. मग फाटे निवडा

इथून पुढे रस्ता एक नाही, आणि सगळीकडे जायची गरजही नाही.

*फ्रान्स.* ब्रेस्टच्या आसपासच्या काही तरुणांनी नव्वदच्या दशकात ‘ले लेजियों न्वार’ नावाचा कंपू केला. म्युटिलेशन, व्लाद त्सेपेश, बेलकेत्र, तोर्गाइस्ट ही त्यातली मुख्य नावं. मोजक्या कॅसेटी, त्याही ओळखीपाळखीत वाटलेल्या. म्युटिलेशनचा १९९५चा ‘व्हँपायर्स ऑफ ब्लॅक इम्पीरियल ब्लड’ ऐकताना गिटार सुरात नाही असं वाटेल. नसतेच. आणि तरी तो किंचित ढळलेला सूर चालीला एक आजारी, रडवेला रंग देतो; सुरात वाजवलं असतं तर तो रंग गेला असता. व्लाद त्सेपेशकडे उलट जोरकस, गाणं म्हणता येतील असे रिफ (गिटारचे पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे) आहेत. आवाज तितकाच वाईट, पण पाय थिरकतो. या कंपूतलं कुणी एकच ऐकणार असाल तर मी व्लाद त्सेपेश सांगेन.

*इल्डयार्न.* नॉर्वेतला एकांडा माणूस. १९९६चा ‘फॉरेस्ट पोएट्री’ म्हणजे दोन-तीन मिनिटांचे तुकडे, प्रत्येकात एक-दोन रिफ, आणि ते घासून घासून उगाळायचे. गंमत अशी की त्याच वर्षी त्याच माणसाने ‘लँडस्केप्स’ नावाचा निव्वळ सिंथेसायझरचा, शांत, लांबलचक दुहेरी अल्बमही काढला. पहिल्याच महिन्यात इल्डयार्नकडे जाऊ नका. नंतर जा आणि मोठ्या आवाजात लावू नका.

*स्वित्झर्लंड.* बर्नचा पेझाज दिव्हेर, म्हणजे विंटहेर नावाने वावरणारा एकच माणूस, १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून थंडीवर अल्बम करत आला आहे. यात गिटारच्या खरखरीत खरा वारा मिसळलेला असतो आणि कुठे वारा संपतो, कुठे गिटार सुरू होते ते सांगता येत नाही. खरखरीचा एवढा विचारपूर्वक वापर मी दुसरीकडे ऐकलेला नाही. गाणी दहा-पंधरा मिनिटांची असतात. प्रवासात, खिडकीपाशी बसून ऐकावं. २००१चा ‘विंटरकेल्टे’ पहिला घ्या. २०२०चा ‘इम वाल्ड’ दोन तासांचा आहे, तो सुट्टीच्या दिवशी.

*फिनलंड आणि कॅनडा.* रॉ म्हणजे नेहमी पातळ आणि कर्कश असंच नाही. बेहेरितचा १९९३चा ‘ड्रॉइंग डाउन द मून’ जड, चिखलात रुतलेला आहे. कॅनडाच्या ब्लास्फेमीचा १९९०चा ‘फॉलन एंजल ऑफ डूम’ त्याहून रानटी. या शाखेला पुढे ‘वॉर मेटल’ म्हणू लागले. तिथे चाल शोधायची नाही, भार आणि धक्का ऐकायचा. आपल्याकडच्या माणसाला यात रस घ्यायला एक खास कारण आहे : कोलकात्याचे टेट्राग्रामासाइड आणि कपाला हे बँड याच शाखेतले, आणि टेट्राग्रामासाइडने खरखर इतकी टोकाला नेली आहे की गिटार कोणती आणि निव्वळ गोंगाट कोणता हे सांगता येत नाही. मुंबईचा सोलर डेइटी मात्र नॉर्वेच्या वळणाचा. आणि चेक प्रजासत्ताकाच्या कल्ट ऑफ फायरने २०१३ साली ‘मृत्यु का तापसी अनुध्यान’ असं चक्क देवनागरीत छापलेल्या नावाचा अल्बम काढला. तो रॉ नाही, भरघोस आणि सुबक आहे. पण दुकानात मुखपृष्ठ वाचता येतंय म्हणून दचकू नका.

७. चांगला कच्चा आणि नुसता कच्चा

आज लॅपटॉपवर एका संध्याकाळी कुणीही चाळीस मिनिटांचा गोंगाट करून रात्री तो विकायला ठेवू शकतो. टेपची खरखर देणारे प्लगइन फुकट मिळतात. त्यामुळे या प्रकारात भुसा फार झाला आहे आणि नवख्या माणसाला तो ओळखता येत नाही.

मी तीन गोष्टी बघतो. पहिली, अल्बम बंद केल्यावर अर्ध्या तासाने एखादी चाल आठवते का? वॉर मेटल सोडलं तर ही कसोटी सहसा फसत नाही. दुसरी, आवाजाचा गाण्याशी संबंध आहे का? पेझाज दिव्हेरच्या खरखरीचं थंडीशी नातं आहे. नुसती वरून टाकलेली खरखर पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत एकाच पातळीवर चालू राहते, गिटार थांबली तरी तिचा पोत जराही बदलत नाही. खऱ्या टेपवर जोरात वाजवलं की आवाज चेपतो, थांबलं की मोकळा होतो, त्यात श्वास असतो. तिसरी, वाजवणाऱ्याला ठेका धरता येतो का? रॉ म्हणजे ढिसाळ नव्हे. फेनरिझ ड्रमर म्हणून पक्का आहे, म्हणूनच तो सहा मिनिटं काहीही न करता बसू शकतो.

‘जितकं वाईट ऐकू येईल तितकं अस्सल’ असं मानणारे लोक तुम्हाला भेटतीलच. त्यांच्याशी वाद घालू नका, पण त्यांनी सुचवलेलं विकतही घेऊ नका.

८. कोण वाजवतंय ते बघा

ही पायरी टाळून या संगीताबद्दल प्रामाणिकपणे लिहिता येत नाही. ६ जून १९९२ रोजी बर्गेनजवळचं फान्टॉफ्टचं जुनं लाकडी चर्च जाळलं गेलं, पाठोपाठ नॉर्वेत आणखी चर्चेस जळली. १० ऑगस्ट १९९३ रोजी विकेर्नेसने मेहेमचा गिटारवादक युरॉनिमस याचा ऑस्लोत खून केला. १९९४ साली त्याला खून आणि जाळपोळीबद्दल २१ वर्षांची शिक्षा झाली. २००९ साली तो पॅरोलवर सुटला. त्याचे वंशवादी विचार त्याने कधी लपवलेले नाहीत.

डार्कथ्रोनही यातून सुटत नाही. ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’च्या मागच्या बाजूला ‘नॉर्वेजियन आर्य ब्लॅक मेटल’ अशा अर्थाचे शब्द छापले होते, आणि काही गाण्यांचे शब्द विकेर्नेसचे आहेत. गदारोळ झाल्यावर बँडने माघार घेतली आणि १९९५च्या ‘पान्झरफाउस्ट’वर आपण नाझीही नाही, राजकीयही नाही असं छापलं. तरीही शिकायला मी तोच अल्बम सुचवतो, कारण गिटार आणि टेप याबाबत त्याच्याइतकं स्पष्ट दुसरं काही नाही. कुणाला हे पटणार नाही, त्यांनी ‘अंडर अ फ्यूनरल मून’वर तिसरी पायरी करावी, काही अडत नाही. ‘फिलॉसोफेम’ मी ऐकतो, पण नवी प्रत विकत घेत नाही.

या प्रकाराच्या भूमिगत कोपऱ्यांत उघड नाझी बँडही आहेत आणि ते बहुतेकदा चांगल्या मुखपृष्ठाआड असतात. आपल्याकडच्या वाचकाला इथे एक जास्तीचा धोका आहे. स्वस्तिक, सूर्यचक्र, ‘आर्य’ ही चिन्हं आणि शब्द आपल्या दारावर, लग्नपत्रिकेवर असतात, त्यामुळे डोळा अडखळत नाही. युरोपातल्या ब्लॅक मेटलच्या कॅसेटवर ते दिसलं तर अर्थ आपल्याकडचा नाही. पैसे देण्याआधी एन्सायक्लोपीडिया मेटालम या २००२ पासून चालू असलेल्या संकेतस्थळावर बँडचं पान उघडून गीतांचे विषय बघा, मग एकदा बँडच्या आणि रेकॉर्ड कंपनीच्या नावाने शोध घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

९. विकत घेताना

सुरुवातीला फक्त डिजिटल घ्या. बँडकँप या संगीत विकणाऱ्या संकेतस्थळावर बहुतेक नवे आणि बरेच जुने रॉ बँड सापडतात, आधी पूर्ण ऐकता येतं, आणि एकदा पैसे दिले की फ्लॅक फाइल कायमची तुमची. जुन्या अल्बमांची नव्याने मास्टर केलेली आवृत्ती आणि मूळ आवृत्ती दोन्ही मिळत असतील तर मूळ घ्या. नव्या आवृत्तीत आवाज ‘सुधारलेला’ असतो, आणि तेच आपल्याला नको आहे.

कॅसेटचा मोह लवकरच होईल. पन्नास-शंभर प्रती काढायच्या, एका दिवसात संपवायच्या आणि महिन्याभराने त्याच चौपट किमतीला परत विक्रीला येणार, हा खेळ या प्रकारात जोरात चालतो. मला तो सट्टा वाटतो. फ्रेंच कंपूच्या ‘मूळ’ कॅसेटींच्या तर कितीतरी बनावट प्रती बाजारात आहेत; फोटोवरून ओळखू येत नाहीत. परदेशातून मागवलं तर टपालखर्च बऱ्याचदा कॅसेटपेक्षा जास्त होतो आणि सीमाशुल्क वेगळं लागू शकतं. दोन-तीन मित्रांनी मिळून एकाच पुडक्यात मागवणं परवडतं.

वाजवायला डेक लागेल. मुंबईत चोर बाजार, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार इथे अजून मिळतात. घेण्याआधी लावून बघा. जाताना घरची एखादी माहितीची कॅसेट, आशा भोसले असो की भीमसेन, खिशात घेऊन जा. रॉ ब्लॅक मेटलची नको, कारण ती वाजवून डेक बिघडलाय की नाही हे कुणालाच कळणार नाही. आवाज डोलत असेल तर आतला रबरी बेल्ट सैल झालेला असतो. तो स्वस्तात बदलून मिळतो. आवाज मऊ आणि बंद वाटला तर बहुधा हेडवर थर साचलेला असतो, कापसाच्या बोळ्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसला की निघतो. पुसूनही सुधारला नाही तर हेड झिजलेलं आहे किंवा तिरकं बसलंय. तो डेक तिथेच सोडून पुढच्या गाळ्यावर जा.